ढकलली की हलणारी गाडी

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत गाडी उभी करायचे दोन नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडून बघा. पहिला, हँडब्रेक लावायचा नाही. दुसरा, गिअर न्यूट्रलला ठेवून चाकाखाली धोंडा सरकवायचा. आवारात सात गाड्यांची जागा आणि गाड्या चौदा, त्यामुळे एकीमागे एक उभ्या राहतात. सकाळी ज्याला निघायचं असेल तो आडव्या आलेल्या गाडीचा धोंडा काढतो, खांदा लावून ती ढकलतो, आपली बाहेर काढतो आणि ढकललेली गाडी परत जागेवर आणून धोंडा लावून जातो. कुणाचं दार वाजवायचं नाही, कुणाची झोप मोडायची नाही. हँडब्रेक ओढून वर जाऊन झोपणारा माणूस आमच्याकडे माजलेला समजतात. मी वीस वर्षं गाडी चालवते आहे आणि हँडब्रेकला माझा हात जवळजवळ कधी लागलेला नाही.

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी जुनी गाडी काढून नवी घेतली. घरात आम्ही दोघंच, आठवड्यातून तीनदा परळच्या हॉस्पिटलात जायचं, आणि माझा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेलेला. म्हणून ऑटोमॅटिक घेतली. चाळीतली ती पहिलीच ऑटोमॅटिक, आणि तिच्यावरून लगेच कुरबूर सुरू झाली. कारण या गाडीची चावी गिअरचा दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्कवर, आणल्याशिवाय बाहेर निघत नाही, आणि पीवर असली की आतून कुलूप बसतं. मग दहा जणांनी खांदा लावला तरी ती जागची हलत नाही. तळमजल्यावरचे बँकवाले चाळीत सगळ्यांच्या आधी बाहेर पडतात आणि त्यांची गाडी नेमकी माझ्या मागे असते. ते म्हणाले, “ताई, ही काय भानगड आणलीत? मला आठ-दहाला बँकेत हजेरी लावायची असते.” शेवटी तडजोड झाली. माझी चावी रात्री त्यांच्या दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची.

आठ-नऊ महिने तसं चाललं. एके दिवशी बँकवाले जिन्यात भेटले. चेहरा खुललेला. “ताई, तुमची गाडी आता चावीशिवायच हलते. आज चुकून ढकलली तर गेली की सरळ. चावी टांगायची कटकट संपली.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच वाटला. नवी गाडी चाळीला रुळली, माणसांत आली, असं काहीतरी मनात आलं. खिळ्याला चावी टांगणं मी त्या दिवसापासून बंद केलं. पुढे कित्येक महिने रोज सकाळी पीवर टाकलेली माझी गाडी बँकवाले ढकलत होते, ती हलत होती, आणि चौदा गाडीवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की जी हलायला नको ती हलते कशी. मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दिवसभर पालकांना सांगत असते, सूचना नीट वाचा, मग सही करा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या काळात कंपनीचा एक मेसेज आला होता. “प्रिय ग्राहक, आपल्या आनंददायी प्रवासासाठी आम्ही स्वेच्छेने विशेष सेवा मोहीम राबवत आहोत.” खाली दोन फुलं आणि हसरा चेहरा. मी तो पुसला. सर्व्हिसिंगला बोलावून वर पॉलिश गळ्यात मारतात, तसलं काहीतरी असेल असं समजले. तुमच्या गाडीच्या गिअरमध्ये दोष आहे, ती उभी केल्यावर आपोआप जाऊ शकते, माणूस मरेल, असं साध्या भाषेत लिहिलं असतं तर मी काय अशिक्षित होते? पण फुलं काढली होती.

हॉस्पिटलच्या दारात जायला चढ आहे. रुग्णाला दारापाशी उतरवायचं, मग गाडी पुढे न्यायची. एका सोमवारी मी चढावर गाडी थांबवली, पीवर टाकली, इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला नाही. ओढला नाही म्हणजे विसरले असंही नाही, तो माझ्या हाताच्या ओळखीचाच नव्हता. उतरून मी बाबांच्या बाजूला गेले, दार उघडलं. त्यांनी एक पाय बाहेर ठेवला आणि गाडी मागे निघाली. आवाज नाही, काही नाही, नुसती निघाली. उघडं दार बाबांच्या पाठीला लागलं, ते तसेच दोन पावलं फरफटले आणि उजव्या कुशीवर पडले. गाडी मागच्या खांबावर जाऊन थांबली.

बाबांचा डावा हात म्हणजे त्यांचा जीव. त्याच हातात डायलिसिसच्या सुया जातात, त्यावर साधं रक्तदाब मोजायचं फडकंही बांधू देत नाहीत. पडताना त्यांनी तो हात वर उचलून धरला होता. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पडता पडता एवढं भान राखलं. वॉचमन धावला, व्हीलचेअर आली. उजवं मनगट सुजलं होतं, हाड शाबूत होतं. त्या दिवशी सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. माझ्या हातून बाप गेला असता, दुसरं काही मनात येत नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बँकवाल्यांनी ढकलण्यापासून. बाबा पस्तीस वर्षं गिरणीत फिटर होते. घरात ते मालवणी बोलतात, आणि रागावले की हळू बोलतात. “हलूक नको ती गाडी हलता, ह्या तुका माहीत होता?”

“माहीत होतं असं नाही, बाबा. वाटलं, चांगलंच आहे.”

“चांगला?” बाबा म्हणाले. “बंद केल्यार जा बंद होणा नाय, त्या मशीनाक हात लावूचो नाय. मी त्या गाडीत बसूचंय नाय.”

मला वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल. पण तो राग नव्हता. गिरणीत त्यांच्या शेजारच्या खात्यात एका माणसाचा हात थांबवलेल्या मशीनमध्ये गेला होता, ते मी लहानपणी ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. बाबा विसरले नव्हते. मी हँडब्रेक लावून दाखवला, आता रोज लावीन म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “बिघडलेला आत आसा. भायर ओढून काय उपयोग?”

मग मी कंपनीच्या मागे लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा त्यांच्या कॉल सेंटरशी बोलायची वेळ येईल, आणि त्यापेक्षा मी चालत जाईन. चासी नंबर टाकल्यावर त्यांच्याच वेबसाइटवर एक ओळ आली, आपले वाहन मोहिमेत समाविष्ट आहे. गिअरच्या दांड्यापासून आत जाणारी एक केबल असते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची बुश असते. ती उन्हापावसात भुसभुशीत होते आणि केबल सैल पडते. दांडा पीवर जातो, पण आतलं कुलूप लागतच नाही. फोनवरच्या मुलीने हे सांगितलं नाही, हे मला नंतर मेकॅनिककडून कळलं. ती एवढंच म्हणाली, “मॅम, युवर सेफ्टी इज अवर प्रायॉरिटी. पार्ट सध्या स्टॉकमध्ये नाहीये. आला की कळवू.”

“तोपर्यंत मी काय करू?”

“तोपर्यंत गाडी सपाट जागेवर पार्क करा, मॅम.”

“आमच्या आवाराला उतार आहे. हॉस्पिटलला चढ आहे. सपाट जागा कुठे आहे ते तुम्हीच सांगा.”

तिने मला होल्डवर ठेवलं. सनई वाजत राहिली. सनई कुणाच्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे. दहा मिनिटांनी तिने विचारलं, “आणखी काही मदत करू शकते का?”

पहिली काही मदत केलीच नव्हती, तर आणखी कुठून?

इकडे चाळीत मी हँडब्रेक लावायला सुरुवात केली आणि खिळ्याला चावी टांगायचं पुन्हा आलं. दुसऱ्याच दिवशी बँकवाल्यांच्या गाडीची काच साफ करायला येणाऱ्या माणसाने ती खिळ्यावरून काढून कुठेतरी आत ठेवली, ती तासभर कुणालाच सापडेना. बँकवाले उशिरा पोचले. संध्याकाळी मला म्हणाले, “ताई, इतके दिवस किती छान चाललं होतं. आता अचानक काय झालं तुम्हाला?” मी त्यांना दोष समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे. पण हलत होती ना?” मी हात टेकले.

आणि बाबा टॅक्सीने जायचं म्हणायला लागले. आमच्या नाक्यावरून परळ किती लांब? टॅक्सीवाला आधी ठिकाण ऐकतो, मग काठी टेकत उभा असलेला म्हातारा बघतो, मग मान हलवून पुढे जातो. “इतना नजदीक नहीं जाएगा.” मोबाइलवरची गाडी येते येते म्हणते आणि दोन मिनिटांवर असताना रद्द होते. हॉस्पिटलात मशीनची वेळ ठरलेली असते. अर्धा तास उशीर झाला म्हणून अर्धा तास जास्त देत नाहीत, पुढचा रुग्ण बसलेला असतो, त्याला कोण थांबवणार? बाबांचे चार तास साडेतीनवर आले, कधी तीनवर. पाय सुजायला लागले. रात्री आडवं झालं की धाप लागायची, मग ते भिंतीला टेकून बसायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की पाणी साठतंय, असं चालणार नाही. मी बाबांच्या पाया पडायची बाकी राहिले. “बाबा, हँडब्रेक लावते, दगड लावते, मी स्वतः चाकापुढे उभी राहते. पण चला.” ते चहाचा छोटा पेला हातात धरून बसायचे. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, म्हणून तो एक पेला ते तासभर पुरवायचे. “काम करून घे आधी,” एवढंच उत्तर.

एका शुक्रवारी मी शाळेतून फोन केला तर ते घरीच होते. टॅक्सी मिळाली नाही म्हणून नाक्यावरून परत आले होते. “आज सुट्टी घेतलंय,” म्हणाले. डायलिसिसला सुट्टी नसते. त्या दिवशी मला बाबांचा राग आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्या एका मेसेजपायी.

सर्व्हिस सेंटर शिवडीला, गोदामांच्या रांगेत. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा पार्ट आलेला नव्हता, गेले ते नुसतं भांडायला. दुसऱ्यांदा त्यांनीच बोलावलं. रजा टाकून गेले. तर आलेला पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा. काउंटरवरचा सल्लागार, गळ्यात टाय, समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, आलाच आहात तर जनरल चेकअप करून घ्या ना.” मी त्याला म्हटलं, माझे वडील मरणाच्या दारात आहेत आणि तुम्ही मला पॉलिश विकताय. मी असं जाहीर ओरडणारी बाई नाही. पण ओरडले. शेजारच्या सोफ्यावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. सल्लागाराने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

तिसऱ्यांदा जाताना बाबांनी जिन्यापर्यंत येऊन बजावलं, “जुना सामान घेवन ये.” त्यांच्या गिरणीत रीतच तशी होती. स्टोअरमध्ये तुटका भाग काउंटरवर ठेवल्याशिवाय नवा मिळायचा नाही, आणि काम झालं की जुना जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात द्यायचा. जुनं हातात आलं तर काम झालं. बाकी सगळी बोलाची कढी. चाळीत कुणाचा नळ दुरुस्त केला तरी ते जुना वॉशर त्या घरच्या बाईच्या हातावर ठेवून येत.

काम वीस मिनिटांत झालं. चार महिने मी ज्यासाठी रक्त आटवलं ते वीस मिनिटांत. मी जुनी बुश मागितली. सल्लागार म्हणाला, “सॉरी मॅडम, ती कंपनीला परत पाठवायची असते. पॉलिसी आहे.”

“मग दाखवा तरी.”

त्याने आतून एक खोका आणला. त्यात तसल्या वीस-पंचवीस भुसभुशीत बुश पडल्या होत्या. “यातलीच एक तुमची.”

मी फोटो काढला. कागद मागितला. कागदावर छापलं होतं, “तपासणी करून आवश्यक ती कार्यवाही केली.” बुश बदलली असं लिहा म्हटलं तर म्हणाला, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही. गाडी जाग्यावर लॉक होते का ते मी तिथल्या तिथे ढकलून बघितलं. माझ्या एकटीच्या जोराने आमची गाडी तशीही कधी हलत नसे.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून फोटो बघितला. मोबाइल लांब धरला, जवळ धरला. “ह्येतली तुझी खंयची?”

“कुठली ते सांगता येत नाही. पण बदलली, बाबा. माझ्यासमोर गाडी आत नेली.”

“आत नेली, मगे? हात घालताना तू बघलंस?”

“तिथे जाऊ देत नाहीत.”

त्यांनी कागद वाचला. आवश्यक ती कार्यवाही यावर बोट ठेवलं आणि मोबाइल मला परत दिला. दुसऱ्या दिवशी बुधवार, डायलिसिसचा. ते म्हणाले, “मी टॅक्सी बघतंय सकाळी.” मी ताट आपटलं. बापाच्या वयाचा विचार न करता नाही नाही ते बोलले. मेलात तर कंपनीला तुमचा जुना भाग दाखवा, असं म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले. ते उठून आत जाऊन झोपले, म्हणजे भिंतीला टेकून बसले. धाप मला भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

सर्व्हिस सेंटरच्या रागात मी संध्याकाळी गाडी कशी लावली होती ते आठवत नव्हतं. सकाळी कळलं. खालून बँकवाल्यांचा आवाज आला, “ताई. ओ ताई. हँडब्रेक काढा हो.”

मी गॅलरीत आले. खाली बँकवाले, दूध टाकणारा आणि समोरच्या खोलीतला टेम्पोवाला, तिघं माझ्या गाडीला खांदे लावून उभे. धोंडा बाजूला पडला होता, तो बघून मला संध्याकाळचं आठवलं. वीस वर्षांची सवय एका रात्रीत परत आली होती. पी, धोंडा, हँडब्रेक नाही, आणि चावी खिळ्याला न टांगता वर घरातच. मी ओरडून सांगितलं, “काढलेलाच आहे.”

“काढलेला? मग हलत का नाही?” बँकवाल्यांनी घड्याळ बघितलं. “ताई, तुम्ही गाडीला नक्की काय करून आणलंत? आधीचीच बरी होती. आता रोज हे असं? आम्ही कामाला जायचं कसं?”

टेम्पोवाला तेवढ्यात वाकून काचेतून आत बघत होता. “हँडब्रेक खरंच नाय. आतून लॉक आहे. घट्ट बसलीय.”

माझ्या मागे काठीचा आवाज आला. बाबा गॅलरीत आले होते. हातात तो चहाचा पेला, अजून अर्धा भरलेला. कठड्याला टेकून ते खाली बघत राहिले. बँकवाले कुरकुरतच होते.

“टेम्पोवाल्या,” बाबा वरून म्हणाले, “परत एकदा ढकल रे. जोर लावन.”

तिघांनी पुन्हा खांदा लावला. टेम्पोवाला अंगापिंडाने दणकट माणूस आहे. गाडी स्प्रिंगवर पुढे झुकली, मागे आली, आणि चाकं होती तिथेच राहिली.

“आणखी एकदा.”

“काका, अहो नाही हलत. तुटेल काहीतरी.” बँकवाले आता खरंच वैतागले होते. “ताई, चावी टाका खाली. लवकर टाका.”

मी चावी आणायला आत वळले तर बाबांनी माझा हात धरला. उजव्या हाताने, ज्याचं मनगट पडताना सुजलं होतं त्याच. पेला त्यांनी कठड्यावर ठेवला होता.

“टाकू नको,” म्हणाले. “आपणच खाली जावन गाडीत बसूया. बँकवाल्याक वाट पण होतली.” आणि चपला शोधायला लागले.